स्टिअरिंगचा मान

"आणा ती किल्ली," असं मी म्हणणार, तेवढ्यात आमच्या ह्यांनी ती शैलावन्संच्या हातात ठेवली.

चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. बॉनेटवर हळदकुंकू लागलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नारळ फोडून त्याचं पाणी चारी टायरवर शिंपडलं होतं. मी पदर खोचून ड्रायव्हरच्या दाराशी उभी होते. पेडल नीट दाबता यावं म्हणून मुद्दाम सपाट चपला घातल्या होत्या.

"दादा, अरे वैनी उभ्या आहेत की," वन्सं म्हणाल्या. म्हणाल्या आणि बोलता बोलता आत बसल्यासुद्धा.

"लेकीचा मान असतोय बाई," आत्याबाईंनी निकाल दिला. "नवी वस्तू पहिल्यांदा देवीला न्यायची ती माहेरवाशिणीनं. आमच्यात असंच आहे."

आमच्यात याआधी गाडीच नव्हती, तरी असंच होतं.

मी मागं बसले. मधल्या जागेवर. डावीकडं आत्याबाई, त्यांच्या मांडीवर ओटीची पिशवी. उजवीकडं दाजी, म्हणजे वन्संचे मालक. दाजी बसले की सीट त्यांच्या बाजूला उतरती होई आणि मधला माणूस आपोआप त्यांच्याकडं घसरे. हे पुढं, बहिणीच्या शेजारी, आरशात भांग बघत.

"मध्ये बघ किती ऐसपैस आहे," मान न वळवता हे मला म्हणाले. "फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे ही. इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना. खालून शाफ्ट मागं जात नाही, म्हणून मधे उंचवटा नाही. दुसऱ्या गाडीत मधल्याचे गुडघे हनुवटीला लागतात."

कंपनीनं ही सोय माझ्यासाठी केली होती, हे मला तेव्हा कळलं.

गाडी लाल होती आणि नाकानं बसकी. पाच माणसं बसावीत म्हणून घेतलेली, पण दिसायला अशी की कॉलेजातला पोरगा घेऊन पळेल. घेताना शोरूममध्ये दोन पॅकेजं होती, किंमत सारखीच. एकात मागं स्पॉयलर, अलॉय व्हील, फॉगलॅम्प आणि लाल शिलाईचं कातडी स्टिअरिंग. दुसऱ्यात मागच्या काचेचा वायपर आणि ड्रायव्हरची सीट खालीवर करायची सोय. मी उंचीनं बेताची. सीट वर झाली नाही तर मला रस्त्याऐवजी बॉनेट दिसतं. तसं मी ह्यांना तिथंच सांगितलं. हे "थांब जरा" म्हणाले आणि शोरूमच्या फोनवरून पुण्याला बहिणीला विचारून आले. "शैला म्हणत्येय स्पोर्ट घे." झालं. मागं पंखासारखा स्पॉयलर आला आणि मी सीटवर उशी घेऊन बसायचं ठरलं.

तेही नुसतं ठरलंच. लायसन्स काढून मला चार महिने झाले होते. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर मी रंकाळ्याभोवती बिनचूक फेऱ्या मारल्या होत्या. पण घरच्या गाडीला हात लावायचं म्हटलं की ह्यांच्याकडं एक कारण तयार असे आणि ते नेहमी गाडीच्या तब्येतीचं असे. आधी म्हणाले, "रनिंग-इन चालू आहे. पहिले हजार किलोमीटर एकाच हाताची सवय लागली पाहिजे इंजिनाला." मग म्हणाले, "क्लच अजून बसायचाय." मग, "अलाइनमेंट करून आणू, मग घे." इंजिनाला, क्लचला, टायरला सगळ्यांना नाजूक प्रकृती होती. फक्त मला नव्हती.

गाडी कागदोपत्री माझी होती, हे जाता जाता सांगते. जिल्हा बँकेत मी नोकरीला. कर्मचाऱ्यांच्या योजनेतून ती घेतलेली, म्हणून आरसी बुकात नाव माझं. ह्यांचं ऑफिस वीज मंडळात, घरापासून स्कूटरवर हाकेच्या अंतरावर. म्हणजे आठवडाभर गाडी अंगणात कव्हर पांघरून निजलेली.

आणि त्याच आठवड्यात मला प्रमोशन आलं होतं. शाखाधिकारी. शाखा मांडरेवाडीला, आडवाटेवर, डोंगराच्या कुशीत. तिकडं जाणारी पहिली एसटी पोचायची तेव्हा बँक उघडून तास उलटलेला असायचा. शाखाधिकारीणबाईंनीच रोज उशिरा यायचं, हे साहेबांना चालणार नव्हतं. "सोमवारी होय की नाही सांगा," साहेब म्हणाले होते. "नाही म्हणालात तर पुढच्या नावाला विचारतो." पुढचं नाव माझ्याहून पाच वर्षांनी धाकट्या माणसाचं होतं आणि त्याच्याकडं मोटारसायकल होती.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बघू." ह्यांच्या 'बघू'चं भाषांतर मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच शिकले होते.

म्हणून मी मनाशी बेत केला होता. रविवारी देवीला जायचं. सगळ्यांच्या देखत घाटातून गाडी मी नेणार आणि आणणार. एकदा आत्याबाईंना बसवून घाट उतरले, की सोमवारी कोणत्या तोंडानं नाही म्हणतील? बेत चांगला होता. त्यात शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं वन्सं येतील आणि सोबत मान घेऊन येतील, हे तेवढं मी धरलं नव्हतं.

वन्सं चालवायच्या मात्र सुरेख. ते कबूल करणं मला आजही जड जातं. शहर संपलं तसा त्यांचा हात सैल झाला. गिअर बदलताना त्या खाली बघायच्या नाहीत. उसाच्या बैलगाड्यांना असा वळसा घालायच्या की बैलांनाही कळू नये. हे तर हरखून गेले होते.

"पिकअप बघितलास, शैला?"

"लोण्यासारखी चालत्येय रे दादा."

"दाब की जरा. थर्डला खेच. मग बघ मजा."

"आणि रनिंग-इन?" मी मागून विचारलं.

"तिचा हात हलका आहे," हे म्हणाले. "इंजिनाला कळतं कोण बसलंय ते."

इंजिनाला कळत होतं. ह्यांना कळत नव्हतं.

"वैनी, एसी येतोय ना मागं?" वन्संनी आरशातून विचारलं. त्यांचे गाल लाल झाले होते, केस कपाळावर आले होते. चाळिशीची बाई पण विशीतली दिसत होती. मी म्हटलं, "येतोय की. अगदी गार पडलेय मी."

दाजी हसले. दाजींना गाडीतलं कळतं, असं दाजींचंच मत होतं. पुण्यात त्यांची स्वतःची गाडी होती. ती सोडून हे जोडपं एसटीनं का आलं, असं आत्याबाईंनी आदल्या दिवशी विचारलं तेव्हा दाजींनी सांगितलं होतं, "लांबच्या रस्त्याला काढली की आयुष्य कमी होतं, मामी. मी दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो. नव्यासारखी आहे अजून."

घाट उतरताना वन्संनी ब्रेकवर पाय ठेवलाच नाही म्हणा ना. गिअरमध्येच सोडली. प्रत्येक वळणाला हे मान डोलवायचे, जणू बहीण गात होती. मी वळणं मोजणं सोडून दिलं आणि ह्यांच्या माना मोजायला लागले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. माझ्या कुठल्या कामावर ही मान अशी डोलली होती ते आठवायचा प्रयत्न केला. एकदा कोल्हापुरी रश्श्याला डोलली होती. रस्सा शेजारणीनं पाठवलेला होता.

देवीचं गाव आलं. देऊळ टेकाडावर. मागच्या वर्षीपर्यंत खाली गाडी लावून वर चालत जावं लागे. आता वरपर्यंत रस्ता झालाय असा निरोप होता. निरोप अर्धा खरा होता. चढावर खडी पसरली होती, डांबर पडायचं होतं. नवी, टोकदार, सुटी खडी.

"नवी गाडी देवीच्या पायरीला लागली पाहिजे," आत्याबाई म्हणाल्या. "खाली ठेवून काय उपयोग?"

"लागेल की आई," वन्सं म्हणाल्या आणि फर्स्ट टाकला.

अर्ध्या चढापर्यंत गाडी गेली. मग पुढची चाकं एकदम गरगर फिरायला लागली. खडी ताडताड खालच्या पत्र्यावर आपटली. गाडी पुढं जाईना, नुसतं नाक हलवायला लागली. रबराचा जळका वास आला.

"रेस दे, रेस!" हे ओरडले.

वन्संनी दिली. गाडी जागच्या जागी खड्डा खणायला लागली आणि हळूच एका अंगानं मागं सरकली. आत्याबाईंनी ओटीची पिशवी छातीशी धरली. वन्संनी हँडब्रेक खेचला.

आम्ही सगळे उतरलो. गाडी हलकी करून वन्संनी पुन्हा प्रयत्न केला. तेच. मग ह्यांनी वन्संना उठवलं, स्वतः बसले आणि वन्संपेक्षा मोठा खड्डा खणला. उतरून पुढच्या चाकाकडं असे बघत राहिले, जणू घरातल्या माणसानं चारचौघांत अपमान केला होता. रुंद टायर, चकचकीत अलॉय, त्यावर पांढरे ओरखडे.

वर देवळाच्या कट्ट्यावर चार बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

मी चढाच्या कडेला उभी राहून गाडी बघत होते. दुसरं काम नव्हतं. गाडीचं नाक वर होतं, बूड खाली. आमच्या बँकेत एकदा लोखंडी कपाट जिन्यानं वर न्यायचं होतं. दोन हमाल. वरचा नुसता वाट दाखवत होता, त्याचे पाय हलके. खालच्याच्या पोटऱ्या फुगल्या होत्या, सगळं ओझं त्याच्यावर. इथं ओढायचं काम ज्या चाकांना होतं ती वरच्या हमालाच्या जागी होती.

"उलटी न्या," मी म्हणाले.

"काय?"

"तोंड खाली, बूड वर. रिव्हर्समध्ये चढवा. ओढणारी चाकं खालच्या अंगाला येतील, वजन त्यांच्यावर पडेल. मग घसरणार नाहीत."

हे माझ्याकडं बघत राहिले. पटलं होतं; पण पटलं असं म्हणायला वेळ लागणार होता.

आत्याबाई मात्र भडकल्या. "देवीकडं पाठ करून जायचं? दर्शन घेऊन निघताना आपण पाठ फिरवत नाही, मागं मागं चालत येतो. आणि नवी गाडी बूड दाखवत वर न्यायची? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!"

"आई, अगं ऐक की," वन्सं म्हणाल्या. "उलटी चालवताना ड्रायव्हर कुठं बघतो? मागंच बघतो ना? म्हणजे गाडीची पाठ असली तरी माणसाचं तोंड सगळा वेळ देवीकडंच. सरळ नेली असती तर मी रस्ता बघितला असता."

आत्याबाईंनी विचार केला. हिशेब त्यांना पटला. "मग बघ हं. मान वळवलीस ती वर जाईस्तोवर फिरवायची नाही."

"खायचं काम नाही ते," हे म्हणाले. "चढ, खडी, बाजूला चर. शैला, जमेल तुला?"

वन्सं उत्तर देणार तेवढ्यात दाजी बोलले. दगडावर बसून रुमालानं मान पुसत, अगदी सहज.

"तिला काय विचारता? तिनं गाडीला हात लावून वर्ष झालं. गेल्या दिवाळीत तुमच्या मित्राची जीप चालवली तेवढीच. आमच्याकडं मी देत नाही. बायकांच्या हातात दिली की क्लच जातो."

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. आमच्या घरात सोळा वर्षं एकच आरती चालली होती, की शैला पुण्याच्या गर्दीत रोज गाडी चालवते. ते कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. वन्संनी कधी खोडून काढलं नव्हतं इतकंच.

किल्ली वन्संच्या हातात होती. त्यांनी मूठ मिटली, आणि मिटलेल्या मुठीकडं बघत राहिल्या.

हे माझ्याकडं वळले. त्या दिवसात पहिल्यांदा पुरते वळले. "तूच बस मग. कल्पना तुझी आहे. स्कूलमध्ये रिव्हर्स शिकवलाय ना?"

सकाळपासून ज्याच्यासाठी मी जळत होते ते असं समोर येऊन उभं राहिलं. चारचौघांत, आत्याबाईंच्या देखत, देवीच्या दारात. सोमवारचा होकार त्या चढावर ठेवलेला होता. मी हात पुढं केला की झालं.

"वन्संच घेतील," मी म्हणाले. "बसा वन्सं. मी मागं उभी राहून चर सांगते."

याला दया म्हणू नका. मला वन्संची दया आली नव्हती. तितकी मी चांगली नाही. पण "मी देत नाही" हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरात तो "रनिंग-इन" म्हणून बोलायचा. त्या आवाजाला त्या दिवशी खाली बसलेलं मला बघायचं होतं, मग तो कुणाच्या का नवऱ्याचा असेना.

वन्संनी गाडी खाली नेली, वळवली. एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली आणि रिव्हर्स टाकला. मी वर उभी राहून हात हलवत होते. "डावीकडं… बस… सरळ… येऊ द्या… स्पॉयलरमुळं दिसत नसेल, माझा हात बघा…" खडी चरचरली, पण उडाली नाही. चाकं रुतली आणि चालत राहिली. ते लाल बूड एकसारख्या वेगानं माझ्या दिशेनं येत होतं, मी मागं मागं सरत होते. आम्ही दोघी तशाच देवळाच्या पायरीला लागलो.

कट्ट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुरवानं देवीच्या पायावरचा नारळ आणून तो वन्संच्या ओटीत घातला. "गाडी आणणाऱ्या ताईंना," म्हणाला. आत्याबाईंनी लेकीची दृष्ट काढली. हे तर धावत वर आले आणि बहिणीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात हात!"

युक्ती कुणाची होती, हे फक्त दाजींच्या लक्षात होतं, कारण त्यांना ते आवडलेलं नव्हतं.

मी एकटीच देवळामागच्या टाक्यावर पाय धुवायला गेले. डोकं तापलं होतं. आपणच हातानं दिलं आणि आता चुरचुरतंय, याला काय म्हणायचं? पाणी ओतत होते तर वन्सं येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी साडी वर धरली आणि पाय पुढं केले. मी त्यांच्या पायांवरही तांब्या ओतला. नणंदेचे पाय धुवायची तशी सवय होती.

"वैनी, मला तुमचा राग येतो," त्या म्हणाल्या.

मी तांब्या तसाच धरला. "माझा?"

"तुमचाच. सोळा वर्षं येतोय."

"मी काय केलं ओ तुमचं?"

"काही नाही. तुमच्या नावावर गाडी आहे. सकाळी पर्स घेऊन तुम्ही घराबाहेर पडता. आई काल सांगत होती, तुम्हाला साहेब करतायत म्हणून. ते सांगताना आईचा आवाज कसा होता तुम्हाला माहीत नाही. माझ्याबद्दल बोलताना तसा नसतो. माझ्याबद्दल बोलताना ती नुसती 'बिचारी' म्हणत नाही एवढंच." त्यांनी पाय झटकले. "आमच्याकडं किल्ली कुठं ठेवतात तेसुद्धा मला सांगत नाहीत. मी वर्षातून एकदा येते, दादा म्हणतो 'चालव', मी चालवते. मला मानाबिनाची हौस नाही हो. मला नुसतं चालवायचं असतं."

खरं सांगायचं तर आत कुठंतरी गुदगुल्या होत होत्या. माझ्यावर कुणी जळावं इतकं माझ्याजवळ आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यातून ते सांगणारी ही!

"सोमवारी साहेबांना सांगायचंय," मी म्हणाले. "होय की नाही. पोचायला गाडी पाहिजे. आणि गाडी तुमच्या दादांच्या हातात."

"दादाच्या नाही," वन्सं म्हणाल्या. "आत्ता माझ्या हातात आहे."

परत निघताना त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, माहेरवाशिणीचा मान म्हणजे माझा ना? मग मी तो कुणालाही देऊ शकते?"

"तुझ्या हातचा आहे तो. तू काय वाटेल ते कर," आत्याबाई म्हणाल्या आणि काय बोललो ते कळेपर्यंत किल्ली माझ्या हातात आली होती. देवीच्या दारात दिलेली वस्तू परत घे म्हणायची आत्याबाईंची छाती झाली नाही. ह्यांनी तोंड उघडलं. वन्संनी त्यांना पुढचं दार उघडून दिलं. "बस दादा." आणि स्वतः मागं मधल्या जागेवर जाऊन बसल्या. आत्याबाईंची शाल घडी करून त्यांनीच मला सीटवर घालायला दिली.

घाट चढताना पहिल्या वळणाला माझी गाडी बंद पडली. मागं ट्रक. हॉर्न. ह्यांनी डोळे मिटले. दाजी म्हणाले, "सांगत होतो मी—"

"फर्स्ट," माझ्या कानाशी वन्सं हळूच म्हणाल्या. "घाई नको. क्लच निम्मा. आता सोडा."

गाडी उचलली. पुढच्या वळणाला पुन्हा तोच आवाज. "सेकंड. आधी टाका, मग वळवा." मग, "थर्डला घेऊ नका, दम लागतोय तिला." तीन-चार वळणं झाली आणि त्या सांगायच्या आधी माझा हात जायला लागला. तरी त्या सांगतच राहिल्या. गिअर टाकताना नजर खाली गेली, तर दोन सीटांच्या मधून दिसलं, त्यांचा उजवा पाय सपाट फरशीवर हळूहळू दाबत होता, सुटत होता. मधे उंचवटा नव्हता. जागा ऐसपैस होती.

"छान चालवलीस," घाटमाथ्यावर हे मला म्हणाले. मान डोलली नाही, पण हलली.

मी "बरं" म्हटलं. त्यातलं निम्मं वन्संचं होतं. मी ते वळतं केलं नाही.

घरी पोचलो. गाडी अंगणात लावली. ह्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला.

"उद्यापासून रोज सकाळी सातला मला गाडी लागेल," मी म्हणाले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "साहेबांना होय सांगणार आहे."

"अगं, बघू ना. रोज एवढ्या लांब म्हणजे गाडीला—"

"दादा," वन्सं पायरीवरून म्हणाल्या, "आमच्या गाडीचं काय झालं सांगू? उभी राहून राहून टायर खालच्या बाजूला चपटे झाले. दोनदा बॅटरी उतरली. मागच्या महिन्यात उंदरांनी वायर खाल्ली. हे दर रविवारी दहा मिनिटं चालू करतात, त्यानं नुसता धूर होतो. मेकॅनिक म्हणाला, 'ताई, गाडी रोज फिरली पाहिजे, नाहीतर बसून बसून मरते.' विचार यांना."

दाजी खोकले. "म्हणाला होता खरं. थोडंफार."

हे गाडीकडं बघायला लागले. ते लाल नाक, तो स्पॉयलर, ते लाल शिलाईचं स्टिअरिंग. गाडी बसून बसून मरणार, ही कल्पना त्यांना सहन झाली नाही. बायकोच्या प्रमोशनानं जे झालं नव्हतं ते उंदरांनी केलं.

"उद्या टायरमध्ये हवा बघून जा," हे म्हणाले. "पुढच्यात तीस."

संध्याकाळी वन्संना आणि दाजींना एसटी स्टँडवर सोडायलाही मीच गेले. पुण्याची गाडी लागायला वेळ होता. दाजी तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. आम्ही दोघी बाकावर बसलो. पर्समधली किल्ली मला उगाचच जड लागत होती. वन्संनी पर्सकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. ती नजर मी ओळखली. सकाळपासून ती माझ्याकडंच मुक्कामाला होती.

"मांडरेवाडीचा रस्ता कसा आहे ओ?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. गुरुवारी एसटीनं जाऊन शाखा बघून आले. ड्रायव्हरच्या मागंच बसले होते."

"वळणं?"

"आहेत की."

त्यांनी बाकाला पाठ टेकली. डोळे मिटले. "सांगा," म्हणाल्या. "सुरुवातीपासून सांगा."

मी सांगायला लागले. नदीवरचा अरुंद पूल. पुलानंतर लगेच डावीकडं चढ, तिथं सेकंड. मग उसामधला सरळ रस्ता, तिथं चौथा टाकला तरी चालेल. गुऱ्हाळाच्या पुढं खड्डे. शाळेपाशी हळू. वन्संचा हात मांडीवर होता. मी "सेकंड" म्हटलं की दोन बोटं थोडी खाली यायची. मी "चौथा" म्हटलं तेव्हा त्या मिटल्या डोळ्यांनी हसल्या.

त्या रस्त्यावर एक वळण आहे. डोंगराला वळसा घालून एकदम खालचं सगळं खोरं उघडं पडतं. धरणाचं पाणी दिसतं. गाडी जणू पाण्यावरच निघालीय असं वाटतं.

ते मी त्यांना सांगितलं नाही. बाकीची सगळी दिली. ते एक माझ्याकडं ठेवलं.